सरळ मागे, वर नाही

डोंबिवलीत राहून विमानतळावर नोकरी करणं त्या आठवड्यात फार अवघड झालं होतं. शनिवारी, ४ डिसेंबर २०२१ ला, करोनाच्या नव्या ओमायक्रॉन प्रकाराचा राज्यातला पहिला रुग्ण कल्याण-डोंबिवलीत सापडल्याची बातमी आली. रविवारी संध्याकाळी मी डबा घेऊन नाइटला निघाले, तर खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भिंतीला चिकटून उभ्या. मी पुढे जाईपर्यंत श्वास धरून. मग मागून हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडूनच सुटलं ना गं ते?" तो प्रवासी दक्षिण आफ्रिकेहून दुबईमार्गे दिल्लीला उतरला होता आणि त्याचा स्वॅबही दिल्लीतच झाला होता, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना दिल्लीशी काही घेणंदेणं नव्हतं. गाडी गाठायची होती म्हणून मीही वाद घातला नाही.

मी लॅब टेक्निशियन. डीएमएलटी, म्हणजे लॅबची पदविका, झाल्यावर सहा वर्षं रक्त काढलं, आणि २०२० पासून नाकं. सहारच्या टर्मिनल दोनवर, आंतरराष्ट्रीय आगमनाच्या बाजूला, आमच्या लॅबचे बूथ होते. १ डिसेंबरपासून केंद्राचा नवा नियम लागू झाला होता: 'ॲट रिस्क' यादीतल्या देशांतून येणाऱ्या प्रत्येकाची उतरल्यावर आरटीपीसीआर, स्वतःच्या खर्चाने, आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत विमानतळ सोडायचा नाही. निगेटिव्ह आला तर सात दिवस घरी विलगीकरण आणि आठव्या दिवशी पुन्हा चाचणी. निघण्याआधी ७२ तासांतला निगेटिव्ह रिपोर्ट एअर सुविधा या सरकारी पोर्टलवर चढवलेला असला तरीही हे सगळं होतंच. यादीत ब्रिटनसकट अख्खा युरोप. बाकी देशांच्या विमानांतून दोन टक्के लोकांना उचलायचं. त्यात राज्याचं ३० नोव्हेंबरचं परिपत्रक केंद्राहून कडक निघालं, केंद्राने हरकत घेतली, मग २ तारखेला सुधारलेलं आलं. आमच्या काउंटरवर तिन्ही प्रिंट एकावर एक चिकटवलेले. प्रवासी वरचा वाचायचे आणि खालच्यावरून भांडायचे.

भांडणाचा दुसरा विषय पैसे. साधी आरटीपीसीआर ६०० रुपये, रिपोर्टला पाच-सहा तास. रॅपिड पीसीआर तेव्हा साडेचार हजार (काही दिवसांनी ३,९०० झाली), आणि तासाभरात मोकळे. चार जणांचं कुटुंब असलं की काउंटरपाशी उभ्या उभ्या संसाराचा हिशोब निघायचा. नवरा म्हणायचा रॅपिड, बायको म्हणायची बसू की सकाळपर्यंत, पोरं बॅगांवर झोपलेली.

त्या रात्री ॲम्स्टरडॅमचं विमान आलं आणि रांग खांबाला वळसा घालून पार मागे गेली. पीपीई किटमध्ये पहिला अर्धा तास बरा जातो. मग हातमोज्यांत पाणी साचतं, बोटांची टोकं आजीसारखी सुरकुततात, आणि फेसशील्डवरच्या वाफेतून समोरचा माणूस फक्त नाकपुड्यांपुरता उरतो.

सव्वाच्या सुमारास पुढचं नाक आलं ते स्वतःहून योग्य कोनात वर झालेलं. मास्क फक्त नाकाखाली घेतलेला, मान किंचित मागे, डोळे उघडे. माणूस पस्तीस-छत्तीसचा, उन्हाने रापलेला, केस जहाजावरच कुणीतरी कापलेले दिसत होते. मी स्वॅब आत घातला तसा तो दातांतून बोलला, "ताई, वर नको. सरळ मागे."

मला राग आला. दीड वर्षात हजारो नाकं केलेल्या बाईला कुणी नाक शिकवू नये. पण त्याचं बरोबर होतं. थकलं की हात वरच्या दिशेला जायला लागतो, आणि नाकाची वाट तर टाळूला समांतर, कानाच्या दिशेने असते. वर गेलात की प्रवाशाच्या डोळ्यांत पाणी येतं आणि सॅम्पल बोंबलतं. मी हात खाली घेतला, सरळ आत गेले, फिरवला, काढला. काडी व्हीटीएमच्या, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या, गुलाबी पाण्यात बुडवून खाचेवर मोडली. टक्.

"डॉक्टर आहात का?" मी विचारलं.

"नाही हो. सेकंड ऑफिसर. जहाजावर औषधाचं कपाट आमच्याकडेच असतं. एकवीस जणांची नाकं मीच करायचो."

मूळचा देवगडचा. रॉटरडॅमला साइन-ऑफ होऊन, म्हणजे जहाजावरची पाळी संपवून, आलेला. भाऊ गावाहून भाड्याची गाडी घेऊन निघालाय, सकाळी पोचेल, म्हणून त्याने ६०० वालीच घेतली. "तसंही मी आता कुठे जाणार," म्हणाला आणि माझ्या बूथसमोरच्या खुर्च्यांवर जाऊन बसला.

त्याच्यामागे दोन जण सोडून एक बाई आणि तिचा मुलगा. पाच वर्षांखालच्या मुलांना चाचणीतून सूट होती. हा पाच वर्षं दोन महिन्यांचा. आई पुन्हा पुन्हा सांगत होती की पासपोर्टवर काहीही असो, तो अजून शाळेतसुद्धा 'छोट्या गटात' आहे. मी काय करणार? जन्मतारीख सिस्टीममध्ये गेली की बारकोड निघतो, आणि बारकोड निघाला की नळी भरावी लागते. मुलाने स्वॅब पाहिला आणि असा टाहो फोडला की इमिग्रेशनकडची माणसं वळून बघायला लागली. एकदा त्याने माझा हात झटकला. दुसऱ्यांदा थेट फेसशील्डवर शिंकला. मागची रांग च् च् करायला लागली.

तेव्हा तो सेकंड ऑफिसर उठून आला. मुलासमोर उकिडवा बसला, मास्क नाकाखाली ओढला आणि म्हणाला, "बघ, माझं नाक म्हणजे बोगदा. गाडी कशी जाते? वर उडत नाही, सरळ जाते." माझ्याकडे एक कोरी काडी मागितली. मी दिली. ती त्याने स्वतःच्याच नाकात घातली, पार आत, आणि तोंडाने रेल्वेचा आवाज काढत बाहेर काढली. पोरगं रडायचं थांबलं. नाकातून दोन धारा तशाच. मग म्हणालं, "परत कर."

त्याने परत केलं. तिसऱ्या वेळी मी मुलाची गाडी बोगद्यातून काढून घेतली, त्याला कळायच्या आत. रांगेतल्या एक-दोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. आईने त्याला थँक्यू म्हटलं, मला नाही. तिने रॅपिडचे पैसे भरले होते. दोघांचे रिपोर्ट निगेटिव्ह आले आणि अडीचच्या आत ती मायलेकरं घरी गेली.

मला त्या रात्री, खरं सांगते, फार छान वाटत होतं. चहाच्या सुट्टीत मी हा किस्सा दोघी-तिघींना सांगितलासुद्धा, ट्रेनच्या आवाजासकट.

साडेसहाला साध्या आरटीपीसीआरचे रिपोर्ट आले. पॉझिटिव्ह एकच. बारकोड नंबर बघून मला कळलं नाही, नाव बघून कळलं.

मी पहिल्यांदा सीटी पाहिला. ३४.१.

लॅबबाहेरच्यांना हा आकडा कोड्यासारखा वाटतो म्हणून सांगते. मशीन नमुन्यातल्या विषाणूचा अंश प्रत्येक फेरीला दुप्पट करत जातं आणि कितव्या फेरीला तो दिसण्याइतका झाला ते सांगतं. सतराव्या फेरीला दिसला तर नाकात विषाणूची जत्रा. चौतिसाव्याला दिसला तर या दोघांत सतरा दुपटींचा, म्हणजे सव्वा लाख पटींहून जास्त फरक. आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, कटऑफ ३५ चा ठेवला होता; त्याच्या आत दिसला तर पॉझिटिव्ह. मध्यंतरी तो २४ वर आणावा का, अशी विचारणा महाराष्ट्रातून झाली होती. नको, संसर्ग पसरवणारे निसटतील, असं उत्तर आलं. त्या हिशोबाने हा माणूस ०.९ ने पॉझिटिव्ह होता.

मी त्याच्यासमोर तीन खुर्च्या सोडून उभी राहिले. त्याने माझ्याकडे बघितलं आणि रिपोर्ट विचारलाच नाही. "सीटी किती?" म्हणाला.

मी सांगितला.

"नोव्हेंबरच्या मध्यात झाला होता मला. केबिनमध्ये बंद होतो. तो जुनाच आहे, ताई. मेलेला. निघताना निगेटिव्ह होतो ना?"

असं होतं. विषाणू मेला तरी त्याचे तुकडे नाकात आठवडेच्या आठवडे राहतात. एक दिवस काडीला लागतात, दुसऱ्या दिवशी लागत नाहीत. पीसीआरला तुकडा आणि जिवंत विषाणू सारखेच. मे महिन्यात आयसीएमआरनेच सांगितलं होतं की एकदा पॉझिटिव्ह आलेल्याची आरटीपीसीआर पुन्हा करू नका. पण ते लॅबवरचा ताण कमी करायला होतं. विमानतळावरच्या नियमात 'मला होऊन गेलाय' याला जागा नव्हती. पॉझिटिव्ह म्हणजे विलगीकरण, आणि सॅम्पल जिनोम सिक्वेन्सिंगला, विषाणूचा प्रकार कोणता ते ओळखायला. आता यातली गंमत बघा: सिक्वेन्सिंगला सॅम्पलमध्ये पुरेसा विषाणू लागतो, साधारण सीटी ३० च्या खालचा. ३४ वाल्याचं सॅम्पल तिथे बहुतेक नापासच होणार. म्हणजे ओमायक्रॉन आहे असंही सिद्ध होणार नाही आणि नाही असंही नाही. मला ते तेव्हाच दिसत होतं. त्यालाही दिसत असणार, तो जहाजावर हेच काम करून आला होता. आम्ही दोघंही त्यावर काही बोललो नाही.

एवढं असूनही मला आज विचाराल तर त्याला सोडायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. नव्या विषाणूला येऊन जेमतेम दहा दिवस झालेले, त्याच्याबद्दल कुणालाच काही धड माहीत नाही, आणि 'जुना आहे' हे प्रत्येक जण म्हणतो. आदल्याच रात्री एक गृहस्थ तेच म्हणाले होते. त्यांचा सीटी १९ होता.

मग तो म्हणाला, "तो मुलगा?"

खरं सांगायचं तर, हे कुणी काढू नये असं मला वाटत होतं. कॉन्टॅक्टचा नियम विमानातल्या सीटांचा होता: त्याच रांगेतले, पुढच्या तीन आणि मागच्या तीन रांगांतले, आणि केबिन क्रू. ती मायलेकरं कितीतरी मागे बसली होती. यादीत ती येणारच नव्हती. पण विमानातल्या तीन रांगांपेक्षा माझ्या बूथसमोरचं अंतर कमी होतं. मास्क नाकाखाली, दोन हातांवर उकिडवा, तीनदा. आणि काडी मी दिली होती. रांगेत सहा फुटांच्या खुणा आम्हीच पिवळ्या पट्टीने चिकटवल्या होत्या.

"सात दिवस घरी बसायचंच आहे त्यांना, आठव्या दिवशी टेस्ट आहेच," मी म्हणाले. हे त्याला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे.

"त्यांच्याकडे आजी-आजोबा आहेत. तो मगाशी सांगत होता."

मी सुपरवायझरला सांगितलं. आधी ते नुसते बघत राहिले. "नोंद कर," म्हणाले, "आणि फोनही तूच कर." महापालिकेला जाणाऱ्या यादीत खाली हाताने दोन नावं लिहिली. सीट नंबरच्या रकान्यात काय लिहायचं ते सुचेना. शेवटी 'स्वॅब बूथ' लिहिलं.

आईने तिसऱ्या रिंगला फोन उचलला. मी सगळं सांगितलं. सीटी, जुना संसर्ग, शक्यता फार कमी. तिने ऐकून घेतलं. मग अगदी शांतपणे विचारलं, "त्याला जवळ येऊ तुम्ही दिलंत ना?"

"हो."

"आम्हाला ना बाळाची टेस्ट करायची होती, ना त्या माणसाला बोलवायचं होतं." आणि ठेवला. यावर काय बोलणार? त्यातलं निम्मं सरकारचं होतं, पण निम्मं माझंच होतं. (आठव्या दिवशी दोघं निगेटिव्ह आल्याचं मला लॅबच्या सिस्टीममध्ये दिसलं. मी रोज बघत होते.)

त्याला मरोळच्या सेव्हन हिल्स हॉस्पिटलला न्यायला ॲम्ब्युलन्स आली तेव्हा साडेसात झाले होते. त्याने स्वतःच बॅग चढवली. जाता जाता म्हणाला, "बाहेर भाऊ असेल. निळा शर्ट घालून ये म्हटलंय त्याला. मी फोनवर सांगितलंय, पण त्याला पटत नाहीये. तुम्ही जरा सांगाल?"

ड्युटी आठला सुटली. किट उतरवलं, अंग पुसलं, बाहेर आले. आगमनाच्या रेलिंगपाशी निळ्या शर्टाचा माणूस दिसला, शेजारी पाय पसरून बसलेला ड्रायव्हर. मी सहा फूट लांबूनच सांगितलं: तब्येत ठणठणीत आहे, ताप नाही, काळजीचं काही नाही, पण सोडणार नाहीत. किती दिवस? सांगता येत नाही.

त्याने माझ्याकडे बघितलंच नाही, काचेच्या दाराकडे बघत राहिला. "बरो असा तर सोडत कित्याक नाय?" मी सीटीचं पुन्हा सुरू केलं आणि मध्येच थांबले. मग तो स्वतःशीच म्हणाला, "आता आवशीक काय सांगू? गावात कळला तर आमच्या दारात कुत्रो फिरकाचो नाय." थोड्या वेळाने म्हणाला, "इमान चुकला म्हणान सांगतंय."

हातात पिशवी होती. त्यात स्टीलचा डबा, फडक्यात बांधलेला. आईने रात्री गाडी निघताना घावणे करून दिलेले. हॉस्पिटलात देता येईल का, त्याने विचारलं. मी म्हटलं, मला नाही वाटत, आणि नेऊ तरी कोण देणार आत्ता.

त्याने गाठ सोडली, झाकण उघडून वास घेतला आणि डबा ड्रायव्हरपुढे धरला.

"ह्यां खा तू. वेटिंगातसून कापतंय."