आधी पाच मिनिटं गप्प बसा

हृदयविकार आणि पक्षाघात यांवर काम करणाऱ्या एका सेवाभावी संस्थेत स्वयंसेवक म्हणून नाव दिलं, तेव्हा वाटलं होतं की फार तर पत्रकं वाटायला लावतील. अर्ज, ओळखपत्र, लोकांची माहिती बाहेर सांगणार नाही या हमीवर सही, हे सगळं पटकन उरकलं. वेळ गेला तो प्रशिक्षणात, आणि त्यातही रक्तदाब मोजायला शिकण्यात. बटण दाबलं की मशीन आपोआप मोजतं, मग शिकायचं काय, हा प्रश्न आमच्या तुकडीत बहुतेकांनी विचारला.

शिकायचं होतं ते बटण दाबण्याआधीचं. माणूस पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, पाच मिनिटं निवांत बसलेला हवा. त्याआधीचा अर्धा तास चहा-कॉफी नको, सिगारेट नको. लघवीला लागली असेल तर आधी जाऊन यायचं. पट्टा बाहीवरून नाही, उघड्या दंडावर; दंड हृदयाच्या पातळीला टेकलेला. आणि बोलायचं नाही. प्रशिक्षक बाईंनी आमच्यातल्याच एकाचा रक्तदाब आधी गप्प बसवून आणि मग बोलतं करून मोजला, तर वरचा आकडा दहापेक्षा जास्तीने चढला. दंड जाड आणि पट्टा लहान असला तरी आकडा उगाच वाढतो, म्हणून पेटीत वेगवेगळ्या मापांचे पट्टे असतात.

नाडी बघायला शिकणं मला सर्वांत आवडलं. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं टेकवायची. स्वतःचा अंगठा लावायचा नाही, कारण त्यात आपलीच नाडी लागते. ठोके किती ते मोजायचंच, पण लय लागते का तेही बघायचं. एट्रियल फिब्रिलेशन या हृदयाच्या विकारात ठोके कसेही पडतात. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, तिथे रक्त साकळून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेली की पक्षाघात. धोका साधारण पाचपट वाढतो, आणि कित्येकांना काही त्रासच जाणवत नाही.

पक्षाघाताच्या सत्रात चेहरा वाकडा होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं ही तीन लक्षणं पाठ करून घेतली. ती बहुतेकांनी कुठेतरी वाचलेली असतात. मला नवीन होतं ते वेळेचं: माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ते घरच्यांना विचारून लिहून ठेवायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि तेही सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही हे बघितल्यावर. गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून कळत नाही, म्हणून घरी अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही. गिळताना ठसका लागू शकतो, म्हणून पाणीसुद्धा पाजायचं नाही. सीपीआरचा, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबण्याचा, सराव पुतळ्यावर झाला. मिनिटाला 100 ते 120 दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल. दोन मिनिटांत दंड भरून येतात.

मग रक्तदाब तपासणीचं शिबिर. देखरेखीला संस्थेतल्या एक ताई मागे उभ्या. एक काका आले, बसता बसताच बाही वर सारली आणि म्हणाले, "लवकर बघा, मला काही होत नाही."

"काका, आधी पाच मिनिटं गप्प बसायचं."

"गप्पच आहे की मी!" असं म्हणत त्यांनी शेजारच्यांशी गप्पा सुरू केल्या. अखेर बसले. पहिलं माप 168/96. मिनिटभर थांबून दुसरं घेतलं, थोडं उतरलं, पण 140/90 या मर्यादेच्या बरंच वर. इथे जीभ आवरायला लागते. "तुम्हाला बीपी आहे" असं आम्ही म्हणायचं नसतं. एका बैठकीत ते ठरत नाही आणि ठरवणारे आम्ही नव्हे. दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहायचे, डॉक्टरांना लवकर दाखवा म्हणायचं. गोळी कुठली घेऊ, हे काकांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर तेच. 180/120 च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा हातापायात कमजोरी असेल, तर मात्र चिठ्ठी लिहीत बसायचं नाही, थेट रुग्णवाहिका.

ताईंनी माझ्या तक्त्यावर सही केली आणि पुढच्या शिबिरात मला वेगळं टेबल दिलं. मी एकच मागणी केली: ते नावनोंदणीच्या रांगेपासून लांब लावा, तिथे कोणी गप्प बसत नाही.