गिअरबॉक्स उघडण्याआधी अल्टरनेटर तपासा

इथे टेक्सासमध्ये मी 1999 सालचा 5.9 लिटर डिझेल इंजिनाचा एक पिकअप ट्रक वापरतो. गेल्या हिवाळ्यात ताशी 45 मैलांच्या आसपास, पाय ॲक्सिलरेटरवर अगदी स्थिर असतानाही टॅकोमीटरचा काटा दोन-तीनशे फेऱ्यांनी वर-खाली होऊ लागला; म्हणजेच इंजिनाची शक्ती तेलातून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमधील, या दोघांना थेट जोडणारा लॉक-अप क्लच सारखा लागत आणि सुटत होता. गॅरेजवाल्याने संपूर्ण गिअरबॉक्स उतरवायचा सल्ला दिला, पण एवढा खर्च करण्यापूर्वी विजेची बाजू पाहून घ्यावी असे मला मनापासून वाटले.

इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर बॅटरीवर लावला, तेव्हा डीसी 14.1 व्होल्ट, म्हणजे चार्जिंग उत्तम दिसले. मात्र तोच मीटर एसीवर फिरवताच 0.4 व्होल्ट आले, जे 0.1 च्या आतच असायला हवेत. अल्टरनेटरमधील, म्हणजे इंजिनावर चालून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रातील, एसीचे डीसी करणारा एखादा डायोड निकामी झाला की ही एसीची लहर वायरिंगमध्ये शिरते, आणि पेडलच्या सेन्सरचा व्होल्टेज वाचणाऱ्या संगणकाला चालकाचा पाय हलतो आहे असे भासते; म्हणून तो क्लच सारखा लावतो-सोडतो.

खात्रीसाठी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून अल्टरनेटरच्या तारा काढल्या, जाड तारेचे टोक टेपने नीट झाकले, बॅटरी पुन्हा जोडली आणि थोडे अंतर चालवून पाहिले. काटा जागचा हलला नाही. अल्टरनेटर बदलला आणि इंजिनाच्या अर्थिंगच्या टोकावरचा हिरवट गंज ब्रशने घासून काढला. गिअरबॉक्सला हातही लावावा लागला नाही.