करंटनं पाय उचलला, मग चालणार कधी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. अठरा वर्षं फिजिओथेरपी करतेय आणि मणक्याला मार लागलेला माणूस ज्या घरात आहे, त्या प्रत्येक घरातून हा प्रश्न येतो. मांडीवर दोन पॅड चिकटवायचे, मशीन सुरू करायचं, की गुडघा ताठ होतो आणि टाच गादीवरून सुटते. परवा आंब्यावरून पडलेल्या एकाच्या बायकोनं ते बघून पदर डोळ्यांना लावला. "मॅडम, पाय उचलला! आता चालतील ना?"

त्या क्षणी काय बोलावं, हे मला अजून नीट जमत नाही. पाय मशीननं उचललेला असतो, त्यांनी नाही. शेतकऱ्याच्या घरात मी मोटरीचा दाखला देते. घरातल्या स्टार्टरपासून विहिरीपर्यंतची केबल मधेच तुटलीय, मोटर शाबूत आहे. विहिरीवर थेट लाइन दिली तर ती फिरणारच, पण घरातलं बटण दाबून पाणी येणार नाही. छातीच्या पातळीवर मज्जारज्जूला इजा झाली तरी पायांच्या नसा आणि स्नायू जिवंत असतात, म्हणून करंट लागतो. मार कमरेत खाली बसून नसांची मुळंच तुटली असतील, तर हेच मशीन कितीही वाढवा, मांडी हलत नाही. मग नातेवाईक म्हणतात, मशीन बिघडलंय.

हा करंट फुकट जात नाही. स्नायू वाळायचा थोडा थांबतो, पुढच्या सरावाला तयार राहतो. बस, इतकंच.

मग मोबाइल पुढे येतो. त्यावर कुणी परदेशी माणूस उभा राहिलेला असतो. ती वीज वेगळी. अमेरिकेत रॉब समर्स नावाच्या बेसबॉल खेळाडूला २००६ मध्ये गाडीनं उडवलं, छातीखाली हालचाल उरली नाही. लुईव्हिल विद्यापीठात सुसान हार्केमा यांच्या चमूनं त्याच्या मज्जारज्जूच्या वरच्या आवरणावर, कमरेच्या भागात, इलेक्ट्रोडची पट्टी बसवली. मुळात ती दुखणं शमवायला बनवलेली! २०११ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. करंट सुरू असताना तो स्वतःच्या पायांवर उभा राहिला, आणि काही महिन्यांनी ठरवून बोटं, घोटा, गुडघा हलवू लागला. करंट बंद केला, की काहीच हलत नसे.

तो करंट स्नायूला ओढत नाही. पाठीच्या बाजूनं आत शिरणाऱ्या संवेदनेच्या तंतूंना चेतवून तो खालच्या मज्जारज्जूला जागं ठेवतो. इजेतून मेंदूचे चार तंतू वाचलेले असतात, तपासणीत सापडणारही नाहीत इतके क्षीण. त्यांचा निरोप मग खाली ऐकू जातो.

व्हिडिओत न दिसणारी गोष्ट अशी, की शस्त्रक्रियेआधी समर्सकडून दोन वर्षांहून जास्त काळ ट्रेडमिलवर सराव करून घेतला होता आणि त्यातून काही हाती लागलं नव्हतं. नंतरही सराव सुटला नाही. स्वित्झर्लंडमध्ये लोझानला ग्रेगवार कुर्टिन आणि जोसलिन ब्लॉक यांनी पावलाच्या तालावर करंट द्यायला सुरुवात केली. २०१८ मध्ये त्यांनी तिघा रुग्णांचे अनुभव मांडले. त्यांना काही हालचाल करंट बंद असतानाही परत मिळाली, पण महिनोन्‌महिने घाम गाळल्यावर.

आता मानेच्या त्वचेवरून, चिरफाड न करता करंट देणारं यंत्रही आलंय. ६० जणांवरच्या चाचणीत ७२ टक्के लोकांच्या हातांची ताकद आणि काम दोन्ही सुधारलं. २०२४च्या डिसेंबरात अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेनं, त्याला परवानगी दिली. हातांसाठी, चालण्यासाठी नाही. मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. २००४ मध्ये अमेरिकेत ६८१ जणांना विचारलं होतं, काय परत मिळावं? हातपाय चारही गेलेल्यांनी हात सांगितला, फक्त पाय गेलेल्यांनी लैंगिक आयुष्य. माझ्याकडे हे आजवर कुणी मोठ्यानं विचारलेलं नाही. दारापाशी घुटमळतात तेवढं.

एक मात्र हात जोडून सांगते. ऑनलाइन मशीन मागवून घरी लावत बसू नका. एका मुलाच्या मांडीवर पॅडचं जेल सुकलेलं होतं, भावानं करंट वाढवत नेला. पायाला संवेदना नाही, त्यामुळे मुलगा गप्प मोबाइल बघत होता. संध्याकाळी रुपयाएवढा फोड. भरायला तीन महिने लागले, तेवढे दिवस सगळा व्यायाम बंद.

तर परवा मी मशीन बंद केलं. त्या बाईंची दोन बोटं नवऱ्याच्या गुडघ्याच्या जरा वर ठेवली आणि नवऱ्याला म्हटलं, "आता तुम्ही गुडघा ताठ करा." त्याचं कपाळ घामेजलं. उजवीकडे काही नाही. डावीकडे बोटांखाली काहीतरी सरकलं, डोळ्यांना दिसणार नाही असं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी स्नायूंच्या ताकदीच्या तक्त्यावर उजव्या गुडघ्यापुढे ० लिहिला, डाव्यापुढे १. पाचपैकी.

"ते राहू द्या," तो म्हणाला, "साइड व्हीलच्या स्कूटरवर कधी बसवताय?"