शाळेचा रकाना कुठे आहे?

ऑस्ट्रेलियातल्या संस्थांमध्ये लहानपणी लैंगिक अत्याचार झालेल्यांसाठी राष्ट्रीय भरपाई योजना आहे. तिच्या अर्जाचे तीन भाग असतात. पहिल्यात अर्जदाराची माहिती, दुसऱ्यात काय घडलं, कुठे आणि साधारण कधी, आणि तिसऱ्यात त्याचा आयुष्यावर झालेला परिणाम. पहिले दोन भाग त्या संस्थेला पाठवले जातात, तिसरा पाठवला जात नाही. मेलबर्नमध्ये अर्जदारांना मदत करणाऱ्या आमच्या कामात नव्या माणसाला सगळ्यात आधी हेच सांगतात, कारण लोक नेमकं उलटं करतात. दारू, मोडलेला संसार, रात्रीची भीती असं सगळं दुसऱ्या भागात ओततात आणि ज्या संस्थेविरुद्ध तक्रार आहे तिच्याच कार्यालयात ते वाचलं जातं. तिसरा भाग मग दोन ओळींत आटोपतो.

२०२४ च्या सुरुवातीचा तो दिवस या तिसऱ्या भागामुळेच लक्षात राहिला. समोर बसलेल्या गृहस्थांनी सत्तरी ओलांडली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बालपण एका बालगृहात गेलं, शिक्षण तिथल्याच शाळेत, आणि तेही तेराव्या वर्षी संपलं. वाचता येतं, पण अडखळत. लिहिणं सहीपुरतं. म्हणून अर्ज आम्ही मोठ्याने वाचायचा, ते सांगतील ते लिहायचं आणि लिहिलेलं पुन्हा वाचून दाखवायचं, अशी पद्धत ठरली होती. संसदेचं अधिवेशन चालू होतं. एकीकडे या योजनेच्या कायद्यातली दुरुस्ती, दुसरीकडे शाळांचा निधी आणि घसरलेले निकाल. गृहस्थ गाडीत रेडिओवर दोन्ही ऐकून आले होते. बसल्याबसल्या म्हणाले, ‘‘तिथे शाळेचंही बोलतायत आणि आमचंही बोलतायत. माझी शाळा तुमच्या या कागदात कुठे लिहायची?’’

प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला योजनेचा हिशेब उलगडून सांगावा लागतो.

संस्थांमधल्या या अत्याचारांची चौकशी करणारा सरकारी आयोग, म्हणजे रॉयल कमिशन, जानेवारी २०१३ मध्ये नेमला गेला. डिसेंबर २०१७ मध्ये त्याने १७ खंडांचा अंतिम अहवाल दिला. त्याआधी ८,००० हून अधिक लोकांचं म्हणणं बंद दाराआड ऐकून घेतलं होतं. भरपाईवरचा अहवाल कमिशनने २०१५ मध्येच दिला होता आणि त्यात कमाल रक्कम २,००,००० डॉलर सुचवली होती. कायदा झाला तेव्हा ती १,५०,००० वर आली. योजना १ जुलै २०१८ ला सुरू झाली, त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला पंतप्रधानांनी संसदेत देशाच्या वतीने माफी मागितली. ते ५०,००० डॉलर कुठे गेले, हा प्रश्न सभागृहात आजही निघतो, आणि निघायलाच हवा.

रक्कम एका तक्त्यावरून ठरते. अत्याचाराचे तीन प्रकार धरलेले आहेत. सर्वांत गंभीर प्रकारात मूळ रक्कम ७०,०००, परिणामासाठी २०,०००, सोबत मारहाणीसारखा अत्याचार असेल तर ५,०००, मूल संस्थेत पूर्ण पराधीन असेल तर आणखी ५,०००, आणि परिस्थिती अतिभयंकर असेल तर ५०,०००. बेरीज दीड लाख. शरीराला स्पर्श झालेल्या मधल्या प्रकारात ३०,०००, १०,०००, ५,००० आणि ५,०००, म्हणजे जास्तीत जास्त ५०,०००. स्पर्शाविना झालेल्या तिसऱ्या प्रकारात चारही आकडे ५,००० चे. अतिभयंकर परिस्थितीचे ५०,००० फक्त पहिल्या प्रकाराला मिळतात. यातली प्रत्येक रक्कम ठरलेली आहे. ‘थोडा परिणाम’, ‘जास्त परिणाम’ अशी चढण नाही. एकाच प्रकारच्या अत्याचारानंतर कोणी प्राध्यापक झाला असेल, कोणी तेराव्या वर्षी शाळा सोडून कत्तलखान्यात लागला असेल, परिणामाचे पैसे दोघांना सारखेच. बुडालेल्या कमाईचा हिशेब यात होत नाही. तो हवा असेल तर दिवाणी दावा लावायचा. मेलबर्न ज्यात येतं त्या व्हिक्टोरिया राज्यात अशा दाव्यांवरची मुदतीची अट २०१५ मध्येच उठली आहे. पण योजनेचा देकार स्वीकारला की त्या संस्थेविरुद्ध दाव्याचं दार बंद होतं. देकार सहा महिने खुला असतो, तेवढ्यात वकिलाला दाखवायचा. सल्ला फुकट मिळतो, तरी घाईत सही करणारे पुष्कळ. एका माणसाला एकदाच अर्ज करता येतो, हेही पुष्कळांना उशिरा कळतं.

तेव्हा शाळेला वेगळा रकाना नाही. ती ‘परिणामा’त जाते.

संसदेतल्या दुसऱ्या चर्चेतही त्यांची शाळा सापडत नव्हती. तिथले आकडे असे होते: पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत वाचनात ऑस्ट्रेलियाचे सरासरी गुण २००० मध्ये ५२८ होते, २०२२ मध्ये ४९८ झाले. गणितात २००३ मध्ये ५२४, ते ४८७ वर आले. नॅपलान या तिसरी, पाचवी, सातवी आणि नववीच्या राष्ट्रीय चाचणीत २०२३ पासून चार पातळ्या आल्या आणि साधारण तीनात एक मूल अपेक्षित पातळीखाली निघालं. (इथल्या मराठी पालकांच्या गप्पांत मार्च महिनाभर दुसरा विषय नसतो.) विरोधक हे आकडे सरकारच्या तोंडावर मारतात, सरकार मागच्या सरकारच्या. पण पिसा फक्त शाळेच्या पटावर असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलांची चाचणी घेते. जे मूल त्याआधीच शाळेबाहेर पडलं, ते सरासरी खालीही खेचत नाही. ते हिशेबातच नसतं. त्या चर्चेतला कामाचा आकडा मला एकच वाटला. तो शिक्षणमंत्री जेसन क्लेअर वारंवार सांगत होते: सरकारी शाळांत बारावीपर्यंत टिकणाऱ्यांचं प्रमाण काही वर्षांत सुमारे ८३ टक्क्यांवरून ७३ वर आलं. तो निदान शाळा सोडून गेलेल्यांबद्दल बोलतो.

आमचं खरं काम यापुढे होतं. ‘शिक्षण अर्धवट राहिलं’ हे वाक्य तिसऱ्या भागात जवळजवळ प्रत्येक अर्जात असतं आणि निर्णय घेणाऱ्याला ते काहीच सांगत नाही. काय करता आलं नाही, ते लिहायचं असतं. दीड तास खोदून विचारल्यावर निघालं ते असं. फोरमनची जागा दोनदा चालून आली, दोन्ही वेळा नाकारली, कारण पाळी संपताना अहवाल लिहावा लागे. मुलीच्या शाळेतून आलेल्या चिठ्ठ्या बायको कामावरून येईपर्यंत फ्रिजवर तशाच राहायच्या. पालकसभेला कधी गेले नाहीत. शाळेच्या इमारतीत शिरलं की घाम फुटायचा, म्हणून मतदानही टपालानेच, कारण इथेही मतदान केंद्रं बहुधा शाळांतच असतात. हे सगळं जसंच्या तसं लिहिलं, विशेषणं न घालता. रक्कम याने वाढत नाही हे त्यांना आधीच सांगितलं होतं. तरी लिहायचं, कारण पुराव्याची कसोटी ‘वाजवी शक्यता’ एवढीच आहे. ती दिवाणी न्यायालयातल्या कसोटीपेक्षा सौम्य आहे, आणि असे बारीक तपशील एकमेकांना धरून असले की दुसऱ्या भागातल्या विसरलेल्या तारखांकडेही कानाडोळा होतो. पोलिसांत तक्रार केलेली असावी अशी अट नाही. महाराष्ट्रातल्या मनोधैर्य योजनेत मदतीचं सूत्र गुन्हा नोंदवण्याशी बांधलेलं आहे, तसं इथे नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या बालगृहांबाबत तशी अट टाकली असती तर योजना कागदावरच राहिली असती.

कागदपत्रांत खरी अडचण जुन्या तडजोडीची निघाली. १९९८ मध्ये त्यांना २०,००० डॉलर मिळाले होते. योजना असे पैसे वजा करते, तेही वर्षाला १.९ टक्क्यांनी वाढवून. २६ वर्षांत त्या वीस हजारांचे सुमारे ३२,६०० होतात. मधल्या प्रकारातले पूर्ण ५०,००० मंजूर झाले तरी हातात साधारण १७,४०० उरतात. त्या तडजोडीतली वकिलाची फी मात्र वजावटीत धरत नाहीत. गोम इथेच आहे. तेव्हाच्या पत्रात ‘खर्चासह एकूण’ असं एकच वाक्य असतं आणि फी किती ते सिद्ध करायचं तर वकिलाची फाइल लागते. वकिलांकडे फाइली साधारण सात वर्षं ठेवतात. मग बँकेचं जुनं पासबुक, वकिलाने धनादेशासोबत पाठवलेली चिठ्ठी, जे हाती लागेल ते शोधायचं. या गृहस्थांच्या बायकोने बिस्किटाच्या डब्यात ती चिठ्ठी जपून ठेवली होती: ६,२०० फी, उरलेले १३,८००. म्हणजे वजावट सुमारे २२,५०० वर आली. एका चिठ्ठीने दहा हजारांचा फरक पडला. व्हिक्टोरियात २०१९ पासून अशा जुन्या तडजोडी न्यायालयाकडून रद्द करून घेता येतात, तेही वकिलाला विचारून ठेवायचं, असं फाइलवर लिहिलं.

सत्तरीपुढच्या अर्जदाराला १०,००० डॉलर आगाऊ मागता येतात, ते त्याच दिवशी मागितले. रकमेवर आयकर नाही आणि पेन्शनसाठी ती उत्पन्न धरत नाहीत. हे दोनदा सांगावं लागतं, कारण पेन्शन कापली जाईल या धास्तीने लोक अर्जच करत नाहीत. त्या अधिवेशनातली दुरुस्ती एप्रिल २०२४ मध्ये लागू झाली. आता फेरविचार मागताना नवी माहिती जोडता येते. पूर्वी जोडता येत नसे, आणि पहिल्या फटक्यात तिसरा भाग नीट न लिहिणारे त्यामुळे कायमचे अडकत.

उठता उठता त्यांनी बालगृहाच्या फाइलची प्रत पुढे केली. राज्य सरकारकडून मागवलेली, इतर मुलांची नावं काळी केलेली. शाळेच्या नोंदीत शेवटच्या ओळीत तारीख होती आणि सोडण्याचं कारण: ‘बेशिस्त. पुढे शिकवण्यात अर्थ नाही.’ हे खोडता येईल का, असं त्यांनी विचारलं. मूळ नोंद कोणी खोडत नाही, पण शेजारी आपलं म्हणणं जोडून घेता येतं. शिवाय रक्कम आणि समुपदेशन यांच्यासोबतचा भरपाईचा तिसरा हिस्सा म्हणून संस्थेच्या प्रतिनिधीशी थेट भेट मागता येते, त्यात ही मागणी ठेवता येते. ती भेट लगेच घ्यायची गरज नसते. रक्कम आणि समुपदेशन आधी घेऊन भेट नंतरही मागता येते. अर्जाची मुदत ३० जून २०२७ ला संपते, योजना त्यानंतर वर्षभर चालते. त्यांनी भेटीच्या चौकटीत खूण करायला सांगितलं आणि विषय म्हणून एकच ओळ लिहून घेतली: शाळेच्या नोंदीतली शेवटची ओळ.