पोपडा

इंग्लंडमधल्या नॉरफोकमध्ये सहाशेच्या वर मध्ययुगीन चर्च आहेत, त्यातली डझनभर माझ्याकडे. म्हणजे १९५५ च्या कायद्यापासून प्रत्येक पॅरिश चर्चची, म्हणजे गावच्या चर्चची, दर पाच वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते, ती मी आर्किटेक्ट म्हणून करते. लोकांना वाटतं मी रंगीत काचा बघत फिरते. नाही हो, निम्मा दिवस पन्हाळीतला कचरा बघण्यात जातो.

परवाचं चर्च चौदाव्या शतकातलं, शेतांच्या मधोमध, रविवारी जेमतेम नऊ माणसं. चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चची देखभाल बघणाऱ्या बाई, ऐंशीच्या पुढच्या, गुडघे गेलेत तरी माझ्याबरोबर अर्धा टॉवर चढल्या. छपराचं शिसं दोनदा चोरीला गेलंय, आता तिथे स्टील आहे. एवढ्या जुन्या इमारतीचा खर्च सरकार करत असेल असं इथल्या लोकांनाही वाटतं, प्रत्यक्षात तो या नऊ जणांच्या डोक्यावर, केक विकून.

उत्तरेची भिंत आतून ओली होती. बाहेर गेले तर कारण समोरच. भिंत फ्लिंटची, म्हणजे गारगोटीसारखा काचेरी दगड, तो पाणी पीतच नाही, ओल सुकते ती दगडांमधल्या चुन्यातून, आणि कुणीतरी पन्नासेक वर्षांपूर्वी ते सगळे सांधे सिमेंटनं भरून टाकलेले. वर पन्हाळीच्या तोंडाशी जॅकडॉचं, म्हणजे इथल्या छोट्या कावळ्याचं, घरटं, त्यामुळे सगळं पाणी भिंतीवर. आत शिरायला सिमेंटच्या केसाएवढ्या भेगा पुरतात, बाहेर पडायला वाट नाही, मग ते आतल्या अंगाने निघतं आणि गिलाव्याला लोणा लागतो. वाईच्या आमच्या वाड्याला काकांनी हौसेनं सिमेंट फासलं तेव्हा अगदी हेच झालेलं. चुना नरम असतो, त्यानं झिजायचं आणि दगड वाचवायचा, एवढं साधं गणित, पण कंत्राटदाराला कडक म्हणजेच मजबूत वाटतं, वाईत काय नि इथे काय.

हे बाईंना दाखवावं म्हणून आत येऊन मी एक सुटत आलेला पोपडा बोटानं उचलला. तळहाताएवढा. खाली गेरूचा लाल रंग, पाण्यासारख्या दोन वाकड्या रेघा आणि माशाची शेपटी.

दक्षिणेच्या दारासमोरची भिंत, त्यात मासे, म्हणजे बहुतेक सेंट ख्रिस्तोफर, बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा. दारातून त्याला पाहिलं की त्या दिवशी अवचित मरण येत नाही अशी तेव्हाची श्रद्धा. १५४७ मध्ये सहावा एडवर्ड गादीवर आल्यावर असल्या चित्रांवर चुना फिरवला गेला, आणि त्या चुन्याखालीच काही टिकली.

बाईंनी चष्मा लावला. म्हणाल्या, "सत्तावन्न वर्षं मी या भिंतीसमोर बसतेय." मी हातातला पोपडा उलटा केला. माशाचं डोकं त्याला चिकटून आलेलं.

इथे अशा भिंतीच्या कामाला डायोसीसची, म्हणजे बिशपच्या विभागाची, परवानगी लागते, भिंतीला हात लावण्याआधी कन्झर्वेटर, म्हणजे जुनी चित्रं जपणारा तज्ज्ञ, बोलवा असं मीच सगळ्यांना सुनावत असते. बाई एका शब्दाने बोलल्या नाहीत, उलट पोपडा ठेवायला स्वतःचा रिकामा बिस्किटांचा डबा टिश्यू घालून दिला.

रिपोर्टमध्ये आधी 'तपासणीच्या वेळी पोपडा सुटला' असं लिहिलं. मग 'काढण्यात आला' केलं. कुणी काढला ते अजून लिहिलं नाहीये, आणि शुक्रवारी पाठवायचाय.