तुम्ही विचारलंत म्हणून: हा अ‍ॅक्सल कुठल्या गाडीचा?

मला जुन्या गाड्यांचा नाद आहे हे कळल्यापासून ओळखीतले, त्यांच्या ओळखीतले, सगळे हेच विचारतात. भंगारात अ‍ॅक्सल (दोन चाकांमधला आस) मिळालाय, सोबत एक ड्रम आणि चार नटबोल्ट, फोटो पाठवलाय, गाडी कुठली ते सांगा. आणि फोटोत काय, तर गंज.

तर विचारलंतच म्हणून सांगतो, आधी नंबर शोधत बसू नका. कास्टिंगवरचा (ओतीव भागावरचा) नंबर बऱ्याचदा त्या तुकड्यापुरता असतो आणि तोच तुकडा दोन-चार मॉडेलना लागलेला असतो. पाटे (गाडीच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) कुठे बसत होते ते बघा. हाऊसिंगवर, म्हणजे अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या कवचावर, दोन्हीकडे सपाट बैठक आणि यू-बोल्टच्या खुणा असतील तर पाटे गाडीच्या लांबीत होते, म्हणजे अजून निम्म्या गाड्या शिल्लक. पण बैठक नाहीच, टोकांना शॅकल (पाट्याचं टोक धरणारी झुलती कडी) अडकवायचे कान आहेत, तर आडवा एकच पाटा, आणि मग बहुतेक १९४८ पर्यंतची फोर्ड, कारण १९४९च्या मॉडेलला त्यांनी आडवा पाटा सोडला. मग इंजिनकडचा शाफ्ट जिथे जोडतात ते पुढचं तोंड बघा, उघड्या शाफ्टच्या क्रॉसचा योक (दुबेळकं) आहे की शाफ्टभोवतीची बंद नळी बोल्ट करायची गोल फ्लँज (कडा). पाटे लांबीत आणि तरी नळी, तर शेवरोले आधी तपासा, त्यांनी ती १९५४ पर्यंत ठेवली. हे तुकडे आपल्याकडे निघतात यात नवल नाही, जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीत गाड्या जोडत होती आणि फोर्डही मुंबईत होतीच.

स्टडवरून (चाक बसवायच्या बोल्टवरून) ओळखायला जाल तर फसाल. पाच स्टडचं सर्कल (स्टडच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) समोरासमोर मोजता येत नाही, शेजारच्या दोन स्टडचं सेंटर ते सेंटर घ्या आणि १.७ ने गुणा. ८२ मिमी आलं की सर्कल साडेपाच इंच, आणि ते बऱ्याच जुन्या फोर्डचंही आहे आणि जीपचंही.

मागे कागलकडे एका टायरगाडीखालचा (रबरी टायरच्या बैलगाडीखालचा) अ‍ॅक्सल बघायला गेलो होतो. मालक म्हणाले, "फोर्डचाच आहे ओ, बोल्टवर एफ हाय की!" वायर ब्रश मारला, एफ होताच. पण पाट्याच्या बैठका सपाट, डावीकडच्या स्टडना उलटे आटे, हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) तोंडावर सहा बोल्टची फ्लँज म्हणजे फुल फ्लोटिंग (यात शाफ्ट ओढून काढला तरी चाक फिरतं, टायरगाडीवाल्याला अजून काय पाहिजे), आणि कव्हर काढून दात मोजले तर पिनियनला (छोट्या गिअरला) ८, क्राऊनला (मोठ्या गिअरला) ३९. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचा मागचा अ‍ॅक्सल. युद्धात फोर्डनेही जीप बनवल्या आणि बोल्टच्या डोक्यावरसुद्धा एफ मारला, म्हणजे मालक अगदीच चुकले नव्हते. ८ आणि ४३ दात निघाले असते तर मी नंतरच्या सिव्हिलियन जीपकडे वळलो असतो. अर्थात अ‍ॅक्सल युद्धातला म्हणून त्यावरची गाडीही युद्धातली असं मुळीच नाही, आपल्याकडची जीप म्हणजे तीन जीपचं कडबोळं.

तेव्हा फोटो पाठवाल तर ब्रश मारून, शेजारी टेप ठेवून, पाट्याची बैठक, हबचं तोंड आणि पिनियनकडची बाजू एवढे तीन पाठवा, आणि जमलं तर दात मोजून. आणि हो, उत्तर मिळालं तरी पैसे देऊन होईपर्यंत भंगारवाल्यासमोर गाडीचं नाव काढू नका, किलोचा भाव तिथेच संपतो.