कोड आला म्हणून सेन्सर बदलू नका

पोकलेनच्या डिस्प्लेवर एसपीएन १०० हा बिघाडाचा कोड दिसला की पहिला फोन स्पेअर पार्टच्या दुकानाला जातो: "ऑइल प्रेशरचा सेन्सर आहे का?" शेजारी एफएमआयचा आकडा असतो, तो कोणी विचारत नाही. सिंहस्थाच्या कामांमुळे नाशिकभर मशिनं दिवसरात्र चालतायत, गाडी थांबली की मालकाचं भाडं बुडतं, त्यामुळे घाई समजते. पण अर्धं निदान त्या दुसऱ्या आकड्यात असतं.

एसपीएन म्हणजे तक्रार कशाबद्दल, एफएमआय म्हणजे तक्रार काय. एसपीएन १०० हा ऑइल प्रेशरचा. सोबत एफएमआय १ असेल तर सर्किट चालू आहे आणि सेन्सर सांगतोय की प्रेशर धोक्याच्या खाली गेलंय. इंजिन लगेच बंद करा, डिपस्टिक पाहा, मग सेन्सरच्या जागी साधा मेकॅनिकल गेज लावून क्रँकवर (स्टार्टर फिरवताना) आणि थोडा वेळ आयडलला खरं प्रेशर बघा. गेजवरही कमी दिसलं तर सेन्सर निर्दोष, ऑइल पंप, रिलीफ व्हॉल्व्ह, बेअरिंग यांच्याकडे वळा. तोच एसपीएन १०० एफएमआय ३ किंवा ४ घेऊन आला तर ऑइलशी त्याचा संबंध नाही. ३ म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज मर्यादेच्या वर, ४ म्हणजे खाली. वायर, कपलर (वायरी जोडणारा प्लग) किंवा सेन्सर, यांपैकी एक.

बाकीचे एफएमआय थोडक्यात: ० म्हणजे मोजमाप गंभीर प्रमाणात जास्त. १५ आणि १६ वरच्या बाजूचे सौम्य नि मध्यम, १७ आणि १८ खालच्या बाजूचे. २ म्हणजे सिग्नल विश्वास ठेवण्याजोगा नाही. ५ आणि ६ करंटचे, इंजेक्टर नि सोलेनॉइडवर जास्त दिसतात. ७ म्हणजे हुकूम गेला पण भाग हलला नाही. ९ आणि १९ दिसले तर सेन्सर सोडा, कॅन लाइन (मशिनमधले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती दोन वायरींची लाइन) तपासा.

सेन्सर की वायर, हे ठरवायला दोन मिनिटं पुरतात. कूलंट टेंपरेचर, एसपीएन ११०, हा दोन वायरचा सेन्सर. एफएमआय ३ असेल तर कपलर काढून हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाजूच्या दोन पिना बारीक वायरने जोडा. चावी ऑन केल्यावर कोड ४ झाला तर वायरिंग आणि ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) दोन्ही ठीक, सेन्सर गेला. ३ च राहिला तर वायर कुठेतरी तुटलीय किंवा पिन मागे सरकलीय. उलट, एफएमआय ४ असेल तर नुसता कपलर काढा. ३ झाला तर सेन्सर आतून शॉर्ट, ४ च राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला घासून अर्थ झालीय. तीन वायरच्या प्रेशर सेन्सरला ही युक्ती डोळे मिटून लावू नका. कपलर काढल्यावर ३ येणार की ४, हे त्या ईसीएमच्या आतल्या सर्किटवर ठरतं, मॅन्युअल बघा. ५ व्होल्टची सप्लाय तर चुकूनही अर्थला जोडू नका.

त्या ५ व्होल्टचाच एक घोळ. एका सप्लायवर बरेचदा दोन-तीन सेन्सर असतात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळे एकदम ओरडतात, सोबत सप्लायचाच एसपीएन ३५०९ किंवा ३५१० येतो. चार कोड म्हणजे चार सेन्सर असा हिशेब करून बिल फाडणारेही भेटतात. चावी ऑन ठेवून मीटर सप्लायवर लावा नि एकेक कपलर काढत जा. ज्याच्या काढण्याने व्होल्टेज पुन्हा ४.७५ ते ५.२५ च्या आत आलं, तो गुन्हेगार. एकही काढून फरक पडला नाही तर हार्नेस.

कॅनचं मोजमाप त्याहून सोपं. बॅटरी तोडा, नऊ पिनी डायग्नोस्टिक कपलरच्या सी आणि डी पिनमध्ये ओहम मोजा. दोन टोकांना १२०चे दोन रेझिस्टर समांतर असतात, म्हणून ६०च्या आसपास यायला हवेत. १२० आले तर एक टोक सुटलंय, ४० आले तर कोणीतरी तिसरा रेझिस्टर लावून ठेवलाय, शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात.

ओहमच्या भरवशावर फार राहू नका मात्र. दहा धाग्यांतला एक धागा शिल्लक असला तरी मीटर वायर चांगली दाखवतो. ईसीएमच्या सप्लायवर २१ वॅटचा बल्ब लावून लोड द्या आणि व्होल्टेज ड्रॉप मोजा. बॅकहोवर बहुधा १२ व्होल्ट असतात, मोठ्या पोकलेनवर २४. बल्ब त्याप्रमाणे घ्या. क्रँक करताना बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर अर्थिंगची पट्टी काढून घासा. क्रँकवर प्रत्येक बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी, मग कोड.

इगतपुरीच्या पावसात उभं राहिलेलं किंवा वॉशिंगवर प्रेशरने धुतलेलं मशिन दुसऱ्या दिवशी एफएमआय २, ३, ४ असे उड्या मारणारे कोड देतं, तेव्हा कपलरच्या आत पिनांवरचा हिरवा गंज शोधा. सील तपासा, पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. इंजिन आयडलला ठेवून हार्नेस हाताने हलवा आणि स्कॅनरवरचा आकडा बघत राहा. वायरीचं इन्सुलेशन टोचून मोजू नका, त्या भोकातून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरतं. कपलरच्या मागून पिन घाला.

एसपीएन १५७ हा रेल प्रेशरचा, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीतल्या दाबाचा. एफएमआय १८ सोबत आला की हाय प्रेशर पंपाचं नाव घेतलं जातं, आणि तो सगळ्यात महाग. सुरुवात स्वस्त टोकाकडून करा. टाकीचा व्हेंट, वॉटर सेपरेटर, मग फिल्टर. सारूळ भागातल्या क्रशरवर ड्रममधून हातपंपाने डिझेल भरतात, धूळ टाकीतच जाते, त्यामुळे तासांचा हिशेब पुरा होण्याआधीच फिल्टर चोक होतात. मग सक्शनला पारदर्शक नळी लावून बुडबुडे दिसतात का पाहा. हवा नसेल तर प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला बाटली लावा. एक बाटली इतरांपेक्षा फार लवकर भरली तर तो इंजेक्टर आतून गळतोय. मीटरिंग व्हॉल्व्ह आणि रेलवरचा रिलीफ व्हॉल्व्ह झाल्यावरच पंप. नवा फिल्टर बसवताना त्यात वरून डिझेल ओतू नका, न गाळलेलं थेट पंपात जातं. हातपंपाने प्राइम करा.

आणि जुन्या मेकॅनिकल पंपाची सवय इथे जिवावर बेतते. चालू इंजिनवर इंजेक्टरचा पाइप ढिला करून कोणता सिलिंडर मिस होतोय ते बघायचं नाही. कॉमन रेलमध्ये हजार बारच्या वर प्रेशर असतं, ती धार कातडीतून आत घुसते. इंजिन बंद करून प्रेशर उतरलंय हे स्कॅनरवर बघा, मगच पाना लावा. सिलिंडर तपासायचा तर स्कॅनरच्या कटआउट टेस्टने, म्हणजे एकेक इंजेक्टर स्कॅनरवरून बंद करून.

बांधकामाच्या मशिनांच्या धुराचे, म्हणजे सीईव्ही स्टेज ४ चे नियम १ एप्रिल २०२१ पासून आणि स्टेज ५ चे १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले, तेव्हापासून बऱ्याच मशिनांवर धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाची टाकीही आली. तिच्यात ३२.५ टक्क्यांचं द्रावण लागतं, ते रिफ्रॅक्टोमीटरने तपासता येतं. शेतातला निमकोटेड युरिया पाण्यात कालवून ओतणारे महाभाग आहेत. त्याने कॅटॅलिस्ट वाया जातो. इंजिन बंद केल्यावर पंप लाइनमधला युरिया मागे ओढतो. तोवर बॅटरी कटऑफ केला तर युरिया आतच सुकून खडे होतात आणि डोसिंगचे (युरिया फवारण्याचे) कोड येतात.

कोड पुसण्याआधी सगळे लिहून घ्या, ॲक्टिव्ह कोणते नि जुने कोणते, आणि प्रत्येक किती वेळा आला तेही. बॅटरी काढून ते जात नाहीत. बकेटला वेल्डिंग करून आणल्यावर एकदम कोडांची रांग लागली असेल तर बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढले होते का, अर्थ क्लॅम्प वेल्डिंगच्या जवळ लावला होता का, हे ऑपरेटरला विचारा. दुरुस्ती झाल्यावर यार्डात आयडलला तपासून गाडी सोडू नका. लोडवर येणारा कोड लोडवरच येतो. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, बकेट भरून किंवा ब्रेकरवर अर्धा तास चालवा, आणि मोजणीचा आकडा पुन्हा वाढलाय का ते बघा.